मांजराची जात कोणती?

ताडकळसच्या कुठल्याही शेतकऱ्याला बैल दाखवा. तो लांबूनच सांगेल, हा लाल कंधारी, तो देवणी, आणि पलीकडचा दोन्हीतला. (ताडकळस म्हणजे परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातलं माझ्या आत्याचं गाव.) आता त्याच माणसाला मांजर दाखवून जात विचारा. तो आधी मांजराकडे बघेल, मग तुमच्याकडे.

मला हे विचारावं लागलं. झालं असं, की ऑफिसातल्या एका मैत्रिणीला मांजर पाळायचं होतं आणि आत्याकडे धान्याच्या पोत्यांमागे तीन पिल्लं झाली होती. त्यातल्या राखाडी, पिंजारलेल्या पिल्लाचा फोटो तिला पाठवला. लगेच रिप्लाय, "कसलं क्यूट! पर्शियन मिक्स आहे का? मोठं केवढं होईल?" मिक्स असेल तर घेणार, नाहीतर ब्रीडरकडे बुकिंग. म्हणजे त्या पिल्लाचं पुण्यात येणं माझ्या उत्तरावर अडलेलं! आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, मांजराला कुठली आली जात? मांजर हाय ते."

गंमत म्हणजे शास्त्र आत्याच्या बाजूचं आहे.

बैलाच्या जाती माणसाने घडवल्या. कुणाला नांगराला ताकद हवी होती, कुणाला दूध, आणि पिढ्यान् पिढ्या जोड्या निवडल्या गेल्या. मांजराच्या बाबतीत असं कुणी केलंच नाही. धान्य आलं म्हणून उंदीर आले, उंदीर आले म्हणून मांजर आलं. जोडीदार तिचा तिने निवडला. मांजरांच्या जातींची हौस युरोपातली आणि तीही अलीकडची. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं गाजलेलं मांजर प्रदर्शन भरलं १८७१ साली. आज ज्यांना आपण ब्रीड म्हणतो त्यातल्या बहुतेक त्यानंतरच्या. म्हणजे गावातलं मांजर 'मिक्स' सुद्धा नाही. मिक्स व्हायला आधी दोन वेगळ्या गोष्टी लागतात ना!

मग तो राखाडी रंग? काळ्या रंगाला फिका करणारा एक जीन असतो, आई आणि बाप दोघांकडून आला की पिल्लू राखाडी. रशियन ब्लूचा संबंध असायलाच हवा असं नाही. लांब केसांचंही तसंच. आखूड केसांच्या दोन मांजरांच्या पोटी लांब केसांचं पिल्लू होऊ शकतं. शिवाय दोन महिन्यांचं प्रत्येक पिल्लू थोडं पिंजारलेलंच दिसतं. कपाळावरचा 'एम' पट्टेवाल्या सगळ्याच मांजरांना असतो. आणि एकाच वेळी झालेल्या तीन पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे भावंडांवरून अंदाज बांधायचीही सोय नाही.

डीएनए टेस्ट मिळते. पण आपल्या भाषेत सांगायचं तर तो एक क्लासिफायर आहे. ट्रेनिंग डेटात जी लेबलं आहेत त्यातलं सगळ्यात जवळचं तो देणार. 'पर्शियनशी साम्य' म्हणजे आजोबा पर्शियन होते असं नव्हे.

केवढं होईल, याचं उत्तर मात्र बऱ्यापैकी देता येतं. जन्मताना पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं. पुढे पहिले चार-पाच महिने दर महिन्याला अंदाजे ४५० ग्रॅमची भर. चौथ्या महिन्यातल्या वजनाची दुप्पट म्हणजे ढोबळमानाने पूर्ण वाढीचं वजन. वय कळत नसेल तर दात बघा. साडेतीन-चार महिन्यांना समोरचे दुधाचे दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांत तीसच्या तीस पक्के दात येतात. वर्षभरात वाढ बहुतेक संपते. मेन कूनसारख्या दांडग्या जातीला तीन-चार वर्षं लागतात, पण तो ताडकळसला यायची शक्यता कमीच :-)

आत्याने पिल्लाला किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं. ८४० ग्रॅम, मादी. मैत्रिणीला कळवलं, "जात: ताडकळस. वजन: साडेतीन-चार किलो होईल. आयुष्य: नीट सांभाळलंस तर पंधरा वर्षं. यातलं तिसरं बघून ठरव." दोन दिवस काही नाही. मग विचारलं, लस कधी द्यायची आणि ऑपरेशन कधी? म्हटलं, लस लगेच सुरू, ऑपरेशन पाचव्या महिन्याच्या आसपास डॉक्टरला विचारून, कारण त्यानंतर ती स्वतःच आई होऊ शकते. पिल्लू आता पुण्यात आहे.

एका ठिकाणी मात्र जात ओळखता यायलाच हवी. ऊसतोडीत फडात पिल्लं सापडतात, बारीक अंगाची, पाठीवर तांबूस ठिपके. लोकांना वाटतं मांजराची किंवा बिबट्याची. ती वाघाटीची असू शकतात. जगातल्या सगळ्यात छोट्या रानटी मांजरांपैकी एक, पूर्ण वाढूनही जेमतेम दीड किलोची. वन्यजीव कायद्याने तिला पूर्ण संरक्षण आहे, घरी पाळणं गुन्हा. अशी पिल्लं दिसली तर उचलू नका, वनखात्याला कळवा. पुणे जिल्ह्यात अशी पिल्लं त्याच फडात परत ठेवल्यावर रात्री आई येऊन घेऊन गेल्याची उदाहरणं आहेत. घरातल्या मांजराची जात चुकली तर काही बिघडत नाही. इथे चुकली तर एका आईची पिल्लं जातात.