वायपरची मोटर

तिचं रूप देखणं नाही. एका बाजूला पत्र्याचं लांबट नळकांडं, त्याला काटकोनात जोडलेला गिअरचा चपटा डबा, डब्यातून बाहेर आलेला बोटाएवढा शाफ्ट आणि मागे लोंबणाऱ्या चार-पाच रंगांच्या वायरी. भंगारातून येते तेव्हा अंगावर ग्रीस आणि धूळ यांचा काळा थर असतो. रॉकेलचा बोळा फिरवला की खालचा धातू दिसू लागतो. ट्रकच्या किंवा मोटारीच्या काचेखाली ती वर्षानुवर्षं बसलेली असते. पावसाळ्याचे चार महिने काम, उरलेले आठ महिने उन्हात नुसतं तापत राहायचं. गाडी भंगारात निघते तेव्हा इंजिन दमलेलं असतं, सीट फाटलेल्या असतात, पण वायपरच्या मोटरला बारा व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी टेकवल्या की बहुतेक वेळा ती लगेच फिरते.

पिंपरी-चिंचवडच्या हौशी रोबोवाल्यांना ती परकी नाही. टाटांची ४०७ पुण्याच्या कारखान्यातून १९८६ पासून रस्त्यावर येऊ लागली, इंडिका १९९८ मध्ये. याच पट्ट्यात जोडलेल्या गाड्या वय झाल्यावर याच पट्ट्यातल्या भंगारवाल्यांकडे परतल्या. चिखलीजवळची कुदळवाडी त्यासाठी प्रसिद्ध होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली, त्यांत भंगाराची गोदामंही गेली. त्याआधी कित्येक वर्षं डिप्लोमाची, इंजिनिअरिंगची मुलं अशा गोदामांमधून हिंडून मोटरी निवडत. "काका, जोडीतली द्या, दोन्ही एकाच गाडीच्या," असं सांगावं लागे. रोबोच्या डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गाड्यांच्या मोटरी लावल्या तर रोबो सरळ चालत नाही, हळूहळू एका अंगाला ओढत जातो.

तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ठामपणा. आतल्या मोटरचा दांडा म्हणजे एक आटेदार वर्म, आणि त्यावर बसलेला फायबरचा गिअर. वर्म गिअरला फिरवतो, पण गिअर वर्मला फिरवू शकत नाही. त्यामुळे वीज काढून घेतली की शाफ्ट जिथे असेल तिथे घट्ट थांबतो, हाताने पिळला तरी हलत नाही. काचेवर वाऱ्याचा दाब आला तरी वायपर मागे ढकलला जाऊ नये, यासाठी ही रचना केलेली. रोबो बनवणाऱ्याला तीच वरदान ठरते. रोबोचा हात वजन उचलून वर गेला आणि बॅटरी उतरली, तरी हात धाडकन खाली येत नाही. वेगळा ब्रेक लावावा लागत नाही. मिनिटाला चाळीस ते साठ फेरे एवढाच वेग, पण ताकद अशी की पाटावर उभ्या राहिलेल्या माणसालाही दोन मोटरी ओढून नेतात.

दुसरी सवय तिच्या पोटात दडलेली आहे. डब्याचं झाकण उघडलं की गिअरवर पितळी चकती दिसते आणि तिच्यावर घासणाऱ्या पत्तीसारख्या कळा. ड्रायव्हरने वायपर मध्येच बंद केला तरी तो काचेच्या मधोमध उभा राहत नाही, तळाशी जाऊन आडवा होतो, तो या चकतीमुळे. बटण बंद झालं तरी ठरलेली जागा येईपर्यंत तिच्यातून वीज मिळत राहते. रोबोत ही सवय आड येते, म्हणून बरीच मुलं ती वायर कापून टाकतात. काही मुलं मात्र ती ठेवतात आणि तिच्यावरून फेरे मोजतात: एका फेरीला एक ठोका. महागडा एन्कोडर परवडत नसेल, तर शाफ्ट किती फिरला हे कळण्याची ही साधी सोय आहे.

तिचे हट्टही आहेत. पुष्कळ गाड्यांत वायपरच्या मोटरची ऋण बाजू तिच्या धातूच्या अंगालाच जोडलेली असते, कारण गाडीचा सगळा सांगाडाच ऋण असतो. गाडीत ती एकाच दिशेने फिरते, त्यामुळे काही बिघडत नाही. रोबोत तिला उलटंही फिरवायचं असतं, म्हणजे धन-ऋण अदलाबदल करायची असते. दोन मोटरी अॅल्युमिनियमच्या एकाच पट्टीवर बोल्टने आवळल्या आणि रोबोला जागेवर वळायला सांगितलं, की एक मोटर सुलट आणि दुसरी उलट फिरू लागते. त्या क्षणी एकीचं अंग ऋण असतं, दुसरीचं धन, आणि मधे धातूची पट्टी. ठिणगी उडते, वायर वितळते, बॅटरी गरम होते. कागदावरचं सर्किट बरोबर असतं, प्रोग्रॅमही बरोबर असतो. चूक त्या पट्टीत असते. मग बोल्टखाली फायबरचे वॉशर घालायचे, किंवा मोटर उघडून आतली जोडणी सोडवून वेगळी वायर बाहेर काढायची. हा धडा शिकवण्यापेक्षा ठिणगीतून लवकर समजतो.

शिवाय तिची भूक मोठी. लाइन फॉलोअर, म्हणजे आखलेल्या रेषेवरून चालणारा रोबो, बनवणारी मुलं सवयीने एल-२९३-डी ही चिप वापरतात. ती एका मोटरला सहाशे मिलिअँपिअर देते. वायपरची मोटर अडली तर दहा-पंधरा अँपिअर मागते. चिपचा वास येतो आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कळतं की काय झालं. मग पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांमधून रिले आणायचे, नाहीतर दणकट मॉसफेट. रिलेवर चालणारा रोबो टकटक आवाज करत हलतो, त्याला सावकाश वेग धरता येत नाही, पण तो जळत नाही.

अशा मोटरी लावलेली यंत्रं घेऊन मुलं स्पर्धांना जात. २००८ साली पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात एबीयू रोबोकॉन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचा विषय चक्क गोविंदा होता. उंचावरच्या हंड्यांतलं लोणी यंत्रांनी काढायचं. वाकडहून नदी ओलांडली की बालेवाडी. दहीहंडीच्या दिवसांत वाढलेल्या पोरांना त्या खेळाचे नियम समजावून सांगावे लागले नसतील.

नेमक्या त्याच काळात रोबोच्या प्रोग्रॅमिंगमध्ये एक बलाढ्य पाहुणा आला होता. जून २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत पिट्सबर्गला रोबोटिक्स स्टुडिओची घोषणा केली आणि डिसेंबरात पहिली आवृत्ती दिली. जानेवारी २००७ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये बिल गेट्स यांनी घरोघरी रोबो येतील असा लेख लिहिला आणि रोबोंचा धंदा तीस वर्षांपूर्वीच्या संगणकाच्या धंद्यासारखा आहे, असं मांडलं. हौशींना आणि विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर फुकट होतं, व्यापारी वापरासाठी परवाना ३९९ डॉलरचा. ठोकळे ओढून जोडले की प्रोग्रॅम तयार होई, पडद्यावर खोटा रोबो चालवून बघता येई, आणि एकाच वेळी अनेक सेन्सरांकडे लक्ष ठेवण्याची फार चांगली व्यवस्था त्यात होती.

हौशी मंडळींत तेव्हा निरनिराळे सूर होते. कुणाला आनंद झाला: एवढी मोठी कंपनी आपल्या छंदाकडे वळली, म्हणजे आता या कामाला प्रतिष्ठा येणार. कुणाला धास्ती वाटली, की चालत्या रोबोत विंडोज अडकलं तर तो भिंतीवर जाऊन आदळेल. आणि कुणाला हिशेब जमेना. एटीमेगा-८ या तेव्हाच्या लाडक्या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी आठ किलोबाइट जागा आणि एक किलोबाइट स्मृती. रोबोटिक्स स्टुडिओला विंडोजचा आख्खा संगणक हवा, खोटा रोबो बघायला बरं ग्राफिक्स कार्डही हवं. छोट्या चिपवर ते चालणार नव्हतं. संगणकाने वायरीतून किंवा ब्लूटूथवरून दुरून हुकूम द्यायचे आणि चिपने ते पाळायचे, एवढंच शक्य होतं. तयार पाठिंबा होता तो लेगो माइंडस्टॉर्म्स, आयरोबोट, पॅरॅलॅक्स अशा परदेशी किटांना. चिखलीच्या भंगारातली मोटर त्या यादीत कुठेच नव्हती.

पडद्यावरच्या रोबोत गिअरला प्ले, म्हणजे दातांमधली ढिलाई, नसतो. जोडीतल्या दोन मोटरी एकसारख्याच असतात, बॅटरी उतरत नाही, बोल्ट सैल होत नाही. तरी मायक्रोसॉफ्टचा प्रयत्न मुळातून चुकीचा होता असं मला वाटत नाही. त्यांनी ओळखलेली अडचण खरी होती, आणि तिचा त्रास चाकणच्या कारखान्यांइतका फार थोड्या ठिकाणी जाणवत असेल. वेल्डिंगचा रोबो कुका कंपनीचा असेल तर त्याची भाषा केआरएल, एबीबीचा असेल तर रॅपिड, यास्कावाचा असेल तर इन्फॉर्म. एका कंपनीच्या पेंडंटवर, म्हणजे रोबोला शिकवायच्या हातातल्या पॅनेलवर, हात बसलेला पोरगा दुसऱ्या कंपनीच्या रोबोपुढे पुन्हा नवशिका होतो. सगळ्यांना एक सामाईक पाया मिळावा, ही इच्छा चांगलीच होती.

पण तो पाया एका कंपनीच्या मर्जीवर उभा होता. २०१२ मध्ये चौथी आवृत्ती आली, किनेक्ट कॅमेऱ्याची सोय आली, आणि २०१४ च्या कपातीत मायक्रोसॉफ्टने रोबोटिक्सचा गटच थांबवला. ज्यांनी त्यावर प्रकल्प उभे केले होते, त्यांच्या हातात जुनी प्रत तेवढी उरली. पुढची दुरुस्ती कुणी करायची, याला उत्तर नव्हतं.

मायक्रोसॉफ्टचा स्टुडिओ आला त्याच सुमारास कॅलिफोर्नियात विलो गॅरेज नावाच्या छोट्या कंपनीत दुसरी एक वाट घडत होती. २००७ पासून आकाराला आलेलं रॉस, म्हणजे रोबोट ऑपरेटिंग सिस्टिम. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही वाचावा, बदलावा, आपल्या मोटरसाठी स्वतःचा तुकडा लिहून त्यात जोडावा. पुढे विलो गॅरेज बंद पडली. रॉस बंद पडलं नाही, कारण ते आधीच हजारो हातांत गेलं होतं आणि त्याची देखरेख करायला २०१२ मध्ये वेगळी संस्था उभी राहिली होती. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजवर रॉस आणलं. ज्या क्षेत्राला आपला पाया द्यायला ती कंपनी निघाली होती, तिथे ती दुसऱ्यांनी घातलेल्या पायावर काम करायला आली. यात तिचा कमीपणा नाही. खुल्या कामाचं बळ मात्र यातून सिद्ध होतं.

वायपरच्या मोटरचं आणि रॉसचं नातं मला इथे दिसतं. दोन्हींचं झाकण उघडता येतं. मोटर बनवणाऱ्या कारखान्याने ते मॉडेल बंद केलं, ती गाडी इतिहासजमा झाली, तरी मोटर चालूच राहते. तिला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही. ब्रश झिजले तर नवे घालता येतात, फायबरचा गिअर गेला तर दुसऱ्या मोटरचा बसवता येतो. आपण जिच्यावर शिकतो ती वस्तू आपल्या हातात राहिली पाहिजे, देणारा निघून गेला तरी.

आणि ही वस्तू जे शिकवते ते चाकणच्या शॉपफ्लोअरवर रोज लागतं. रोबोचा हात थरथरतो तेव्हा दोष प्रोग्रॅममध्ये आहे की गिअरच्या प्लेमध्ये? केबल गरम होते ती भार जास्त म्हणून की जोड सैल म्हणून? पेंडंटच्या पडद्यावर एररचा आकडा दिसतो, पण त्यामागचं कारण ओळखायला हाताला सवय असावी लागते. ज्याने कधीकाळी बोल्टखाली फायबरचा वॉशर घातला आहे, तो केबिनेट उघडून अर्थिंगकडे आधी बघतो.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत पुन्हा बड्या सॉफ्टवेअर कंपन्या रोबोंकडे वळल्या आहेत, आणि साधं बोलून रोबो चालवता येईल असं सांगितलं जातं आहे. त्यांचं स्वागत करावं, त्यांची साधनं वापरूनही बघावीत. फक्त शिकणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी त्यांना तीन प्रश्न रोखठोक विचारावेत. हे आम्हाला उघडून बघता येईल का? आमच्या स्वस्तातल्या मोटरला हे चालेल का? आणि उद्या तुम्ही यातून बाहेर पडलात तर आमच्या हातात काय उरेल? निगडी, आकुर्डी, भोसरी, चाकणच्या आयटीआयत आणि पॉलिटेक्निकांत रॉस जरूर शिकवावं, सिम्युलेशनही शिकवावं. पण पहिल्या सत्राचं पहिलं प्रॅक्टिकल वायपरची एक जुनी मोटर उघडून पुन्हा जोडण्याचं असावं, आणि ती पुन्हा फिरल्याशिवाय कुणालाही संगणकापुढे बसवू नये.