गवसणी

नववीची परीक्षा संपते आणि मे महिन्याच्या सुट्टीतच दहावीचे क्लास सुरू होतात. त्याच सुमारास महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत एक छोटासा विधी पार पडतो. तबल्याची जोडी कापडात गुंडाळून कपाटावर जाते, तंबोऱ्याला गवसणी चढते, घुंगरू पिशवीत बांधले जातात, रंगांच्या ट्यूबा डब्यात सुकू लागतात. वाद कुणी घालत नाही. ‘एक वर्ष कळ काढ, मग आयुष्यभर वाजवत बस,’ एवढंच म्हटलं जातं आणि ते मायेनंच म्हटलेलं असतं. पुढे अकरावी-बारावी येते, तिच्या पाठीवर नीट किंवा जेईई बसलेली असते आणि एका वर्षाची तीन वर्षं होतात. कला की करिअर हा प्रश्न आपण अकरावीच्या प्रवेशअर्जापाशी विचारतो. माझ्या मते त्याचं उत्तर वर्षभर आधीच, त्या कापडाच्या गाठीत बांधून झालेलं असतं. सोळाव्या वर्षी मुलानं कोणता व्यवसाय धरावा यावर घरात रात्र रात्र चर्चा होते. त्याच्या रियाजाचे तास कोण राखणार, हे मात्र कुणी विचारत नाही. व्यवसाय पुढे बदलता येतो. बुडालेले तास मागे जाऊन भरता येत नाहीत.

प्रत्येक कलेला स्वतःचं वय असतं, हे आधी मान्य करायला हवं. गाण्याचंच घ्या. मुलाचा आवाज फुटतो तो याच शाळकरी वर्षांत. कालपर्यंत वरच्या पट्टीत सहज फिरणारा गळा घोगरा होतो, सूर सटकतो, नव्या पट्टीशी नव्यानं ओळख करून घ्यावी लागते. जाणता गुरू या दिवसांत शिष्याला ओरडून गाऊ देत नाही, खालच्या सुरांत, बेताबेतानं गाऊन घेतो. म्हणजे ज्या काळात कानाला आणि गळ्याला राखणदार सर्वांत जास्त लागतो, नेमक्या त्याच काळात आपण गाण्याचा क्लास बंद करतो. तबल्याचंही तसंच. कायदा दुगुनीतून चौगुनीत न्यायचा तर हात तयार असावा लागतो आणि हात तयार होतो तो रोजच्या बैठकीनं. तबल्याची पुडी उतरली तर कारागीर नवी चढवून देतो. वाजवणाऱ्याच्या हाताला तशी सोय नाही. भीमसेन जोशी यांनी गुरूच्या शोधात घर सोडलं ते १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, आणि एकोणिसाव्या वर्षी त्यांची पहिली मैफल झाली. यातून पळून जाण्याचा सल्ला कुणी काढू नये. त्या मैफलीमागची वर्षं कोणत्या वयातली होती, एवढंच पाहावं.

नाटकाचं, लेखनाचं वय वेगळं. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. १९६९ मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकाच्या निमित्तानं त्यांनी पूर्णवेळ अभिनय पत्करला तेव्हा बेचाळिशी गाठली होती. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं. ‘आधी डॉक्टर हो, मग नाटक कर,’ असं सांगणारे पालक हेच उदाहरण देतात. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. लागूंनी वैद्यकीच्या काळात नाटकाला गवसणी घातली नव्हती. विद्यार्थिदशेपासून ते काम करत होते, पुण्यात पी.डी.ए. या नाट्यसंस्थेच्या मंडळींबरोबर नाटकं उभी करत होते. १९६९ मध्ये त्यांनी सोडला तो दवाखाना. नाटक तर चालूच होतं.

यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. आपण लागूंची गोष्ट सांगतो कारण ते लागू झाले. ज्यांनी नोकरी सोडली आणि ज्यांच्या हाती काहीच लागलं नाही, त्यांची आत्मचरित्रं प्रसिद्ध होत नाहीत. म्हणून उडी मारा, असं मी म्हणणारच नाही. सोळा वर्षांच्या मुलानं कलेवरच पोट भरण्याची शपथ घ्यावी, अशी कलेचीही अपेक्षा नसते. मराठी साहित्य आणि रंगभूमी बघितली तर त्यांचा फार मोठा भाग नोकरदारांनी उभा केलेला दिसतो. केशवसुत शिक्षक होते, मर्ढेकर आकाशवाणीत, अरुण कोलटकर जाहिरातीच्या व्यवसायात, व. पु. काळे महापालिकेत वास्तुविशारद. १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक आलं, त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत गावोगावच्या ज्या हौशी संस्था उतरल्या, त्यांत बँकेतले, पोस्टातले, वीजमंडळातले, शाळेतले लोक होते. ‘हौशी’ हा शब्द आज थोडा कमीपणानं उच्चारला जातो, याचं मला वाईट वाटतं. त्या हौसेनं आपल्याला अर्धीअधिक रंगभूमी दिली.

मात्र या सगळ्यांना नोकरीनं पगाराबरोबर आणखी एक गोष्ट दिली होती: संध्याकाळ. कचेरी साडेपाचला सुटायची, सातला तालीम सुरू व्हायची. स्थैर्य म्हणून आपण ज्याची आस धरतो, त्यात हा हिशेब कुठेच नसतो. आजच्या कितीतरी खाजगी नोकऱ्या पॅकेज भरघोस देतात आणि रात्रीचे दहा वाजवतात. त्यात शहरातला प्रवास धरला तर आठवड्यात एकही तालीम बसत नाही. आणि स्थैर्याचं म्हणाल, तर तेही कुणी लिहून देत नाही. मुंबईच्या गिरणगावात ‘बदली’वरून ‘कायम’ होणं म्हणजे जन्माची ददात मिटणं मानलं जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातले असंख्य पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. नोकरी धरू नये असा याचा अर्थ नाही. मुलासाठी मार्ग निवडताना ‘किती पगार’ आणि ‘किती पक्की’ यांच्या शेजारी ‘संध्याकाळ उरते का’ हा तिसरा रकानाही भरायला हवा. तो रकाना आखला की शिक्षक, ग्रंथपाल, सरकारी कचेरी, स्वतःचा छोटा दवाखाना अशा वाटा एकदम वेगळ्या दिसू लागतात.

इथे माझ्याच म्हणण्याला अडवणारं एक उदाहरण आहे आणि ते मला टाळता येत नाही. वसंतराव देशपांडे. १९२० चा जन्म. पंधराव्या वर्षी भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात कृष्णाची भूमिका. गळा असा, की भल्याभल्यांनी कान टवकारावेत. आणि हा माणूस लष्करी हिशेब खात्यात दोन दशकांहून अधिक काळ नोकरी करत राहिला. संध्याकाळी गाणं होतंच, शिकणं होतं, मैफलीही होत्या. तास राखलेले होते. तरीही ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात त्यांनी उभ्या केलेल्या खाँसाहेबांनी महाराष्ट्राला हलवलं ते १९६७ च्या डिसेंबरात, वसंतरावांच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. १९८३ मध्ये ते गेले. मधली वर्षं सोळाही भरत नाहीत. ही वजाबाकी केली की जीव कळवळतो. नोकरीनं घर चालवलं, गळाही मरू दिला नाही, पण भर दुपारच्या उन्हातलं जे गाणं असतं त्यातलं किती हिशेबाच्या वह्यांत गेलं, ते कोण मोजणार? तेव्हा तास राखणं म्हणजे फुकटात दोन्ही मिळवणं, असं मी म्हणू शकत नाही. किंमत पडते. फरक इतकाच, की गाणं जिवंत होतं म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी का होईना, खाँसाहेब उभे राहू शकले. बंद गवसणीतून ते आले नसते.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. ही सगळी चर्चा ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांची. ज्या घरात पोराच्या पहिल्या पगारावर बहिणीचं शिक्षण आणि बापाचं कर्ज अवलंबून आहे, तिथे संध्याकाळ कसली आणि रियाज कसला? खरं आहे. त्या घरातल्या मुलानं आधी पोलीसभरती किंवा नर्सिंग बघितलं, तर त्यानं कलेचा घात केला असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण कला ही खाऊनपिऊन सुखी घरांची चैन आहे, हेही मला मान्य नाही. कवी नारायण सुर्वे यांना गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी वाढवलं. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केलं, ते शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये त्यांनी ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा कवितासंग्रह दिला. ज्या घरात तास नाहीत तिथे ते शाळेनं द्यायला हवेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून दिल्या जातात, ही केवढी मोठी सोय! पण इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीच्या बेरजेत जाऊन बसतात आणि पुष्कळदा तिथेच ब्रश खाली ठेवला जातो. ज्या परीक्षेनं मुलाला चित्राकडे न्यायचं, तिचं तिकीट टक्केवारीच्या गाडीला लागतं. अकरावी-बारावीच्या वेळापत्रकात चित्रकलेचा एक खराखुरा तास असता, तर सर्वांत जास्त उपयोग त्याच मुलाला झाला असता, ज्याच्या घरी रंग विकत घ्यायला पैसे नाहीत.

उरतो तो नेहमीचा प्रश्न: सोळाव्या वर्षाचं वेड टिकतं का? आपल्या भाषेतच ही शंका मुरलेली आहे. ‘नाद’ म्हणजे सूर आणि ‘नाद लागला’ म्हणजे पोरगं बिघडलं. पुष्कळदा वेड टिकत नाही, हे कबूल. पण टिकतं की नाही हे कळायचं कसं? गवसणी घातलेला तंबोरा काहीच सिद्ध करत नाही. बंद केलेली आवड तशीच राहते, न तपासलेली, आणि पन्नाशीत ‘मला गाऊ दिलं असतं तर’ होऊन घरभर फिरते. रोज अर्धा तास बसू दिलेली आवड मात्र स्वतःच निकाल देते. कंटाळा यायचा असेल तर दोन-तीन महिन्यांत येतो, आणि मूल कुणावर राग न धरता अभ्यासाकडे वळतं. नाही आला, तर त्या अर्ध्या तासाचा व्यासंग होतो. दहावीच्या वर्षात अर्धा तास निघत नाही, असं सांगणाऱ्या घरानं मुलाचं आठवड्याचं वेळापत्रक एकदा कागदावर मांडून पाहावं. क्लासला जाण्या-येण्यातच त्याहून जास्त वेळ जातो.

पुण्यात दर पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू होतात. १९६३ पासून ही स्पर्धा चालू आहे आणि तिच्यात अभियांत्रिकीची, कॉमर्सची, विज्ञानाची मुलंमुली उतरतात. दिवसा प्रॅक्टिकल, रात्री तालीम. कुणी सबमिशनची फाईल मांडीवर घेऊन वाक्यं पाठ करतं, कुणी सेटच्या फळ्यांना रंग देतं, आणि भरत नाट्य मंदिरात नाव पुकारलं गेलं की सगळं कॉलेज ‘अरे, आवाज कुणाचा!’ म्हणून गरजतं. त्यातली थोडी पुढे नाटकात राहतात, बहुतेक पूल बांधायला, ताळेबंद जुळवायला, प्रयोगशाळेत निघून जातात. त्या रात्री विंगेत उभी असताना मात्र कुणालाही अजून ठाऊक नसतं, आपण कोणत्या बाजूचे.