अर्धी टाकी

तर झालं असं, गेल्या जूनमध्ये आमच्या कोल्हापूरकर मित्राने एक जुना पिकअप आणि त्यामागे ओढायचा २८ फुटी कॅम्पर ट्रेलर विकत घेतला. म्हणजे आत पलंग, शेगडी, न्हाणीघर असं चाकांवरचं वन बीएचके. ठरलं की डेन्व्हरहून आय-७० धरायचा, रॉकी पर्वत ओलांडायचा आणि युटामधल्या झायन नॅशनल पार्कला जायचं. तो, वहिनी, त्यांची चार वर्षांची चिमुरडी आणि मी. गाडी तो चालवणार आणि पेट्रोल कुठे भरायचं ते मी ठरवणार, कारण एक्सेल शीट मी केली होती. (इंजिनियरला ट्रिपला नेलं की एक्सेल फुकट मिळते.)

आता थोडं गणित, कंटाळू नका. पिकअपची टाकी २६ गॅलनची. ट्रेलर नसताना गाडी गॅलनला वीस मैल द्यायची. सामानासकट सात हजार पौंडांचा ट्रेलर जोडल्यावर पहिल्या दिवशीची सरासरी आली ११. मी खूष! डेन्व्हरच्या ५,२८० फुटांवरून आयझेनहॉवर बोगद्याच्या ११,१५८ फुटांवर चढून, पुढे व्हेल पास ओलांडूनसुद्धा ११ म्हणजे घाटाचा निकाल लागला की. दुसऱ्या दिवशी ग्रँड जंक्शनला टाकी फुल केली. तिथून ग्रीन रिव्हर साधारण १०० मैल, त्यापुढे सलायना साधारण १०५. एकूण २०५. भागिले ११, म्हणजे १९ गॅलनच्या आत. सात गॅलन शिल्लक. शीटमधला सेल हिरवागार.

ग्रीन रिव्हर आलं तेव्हा काटा अर्ध्याच्या थोडा वर होता. कोल्हापूरकर म्हणाला, "भरून घेऊया काय?"

मी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. "१३० मैल जाईल म्हणतेय गाडी. आपल्याला जायचंय १०५. पंचवीस मैल बफर आहे. आणि हे धूड पंपात घालायचं, परत बाहेर काढायचं, अर्धा तास जाईल."

"पुढं चढ हाय मर्दा. उसाची भरली ट्रॉली चढाला लागली की ट्रॅक्टर डिझेल नुसता पितो."

"अरे, कालचा सगळा घाट सरासरीत धरलाय मी."

तो गप्प बसला. आम्ही निघालो. "पुढे शंभरावर मैल कुठलीही सोय नाही" अशा अर्थाची भली मोठी पाटी आम्ही हसत हसत मागे टाकली. अमेरिकेच्या इंटरस्टेट रस्त्यांवर पंप नसलेला याहून लांब तुकडा नाही.

सॅन राफेल स्वेल हा भाग बघण्यासारखाच आहे. सपाट वाळवंटातून अचानक उभा राहिलेला खडकांचा कोट आणि त्यात फोडून काढलेला रस्ता. मी फोटो काढण्यात गुंग. ५५ मैलांनंतर सहज डॅशबोर्डकडे नजर गेली आणि पोटात गोळा आला. गाडी म्हणत होती, ४८ मैल. सलायना अजून ५० मैल. मागे ग्रीन रिव्हर ५५. मोबाइलला रेंज नाही.

माझी चूक मला तिथे, त्या सीटवर बसल्या बसल्या समजली. पहिल्या दिवशीचे ११ खरे होते, पण त्यात बोगद्यापासून ग्रँड जंक्शनपर्यंतचा साडेसहा हजार फुटांचा उतार मिसळलेला होता. डॅशबोर्डवरचा आकडाही मागच्या रस्त्यावरून काढलेला असतो. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्या बिचाऱ्याला काय माहीत! ग्रीन रिव्हर ४,१०० फुटांच्या आसपास, आणि सलायनाच्या अलीकडची शेवटची चढण जवळजवळ ७,९०० फुटांवर. त्यात समोरून पश्चिमेचा वारा. ट्रेलर म्हणजे वाऱ्यासमोर उभी केलेली भिंतच. गॅलनला ११ नाही, ७ मिळत होते.

कोल्हापूरकराने काही न बोलता वेग ६५ वरून ५० वर आणला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे एवढ्यानेच तो चाळीस टक्के कमी झाला. एसी बंद. खिडक्या थोड्या उघडल्या तर आत भट्टीची हवा. वहिनी पोरीला नकाशाने वारा घालत होत्या. "काका, गाडी एवढी हळू का चालतेय?" तिने विचारलं. काका काय सांगणार, कप्पाळ?

लाल दिवा चढणीवरच लागला. माथा आला आणि पुढे साधारण तीस मैल उतार. खालच्या गिअरमध्ये इंजिन जवळजवळ काहीच पीत नव्हतं. आम्हाला माझ्या शीटने नाही, त्या उताराने सलायनाला पोचवलं. पंपावर २४.३ गॅलन बसलं.

वहिनी पोरीला घेऊन आइस्क्रीम आणायला गेल्या तेव्हा मी म्हटलं, "ग्रीन रिव्हरला मी चुकलो यार."

तो पंपाचा नळ जागेवर अडकवत म्हणाला, "मला ठावं होतं. पण तू एवढं एक्सेल-बिक्सेल केलं होतंस. म्हटलं, आपलं ट्रॉलीचं ज्ञान इथं कशाला."

हे मला झोंबलं, आणि अजून झोंबतं. ज्याने लहानपणापासून घरच्या ट्रॉल्या चढावर नेल्या होत्या, त्याला मी दशांशचिन्हांनी गप्प केलं होतं. ऑफिसमध्येही असंच होतं का हो? प्रॉडक्शन वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूस कोपऱ्यात बसून म्हणतो, "सोमवारी लोड वाढतो." आणि आम्ही त्याला महिन्याच्या सरासरीचा ग्राफ दाखवतो.

परतीसाठी नवी शीट केली. सरासरीचा रकाना उडवला. प्रत्येक टप्प्याला चढ किती, वारा कुठून, आणि मुक्कामाला पोचताना एक तृतीयांश टाकी शिल्लक राहील का, एवढंच ठेवलं. पंप निवडायचा तो स्वस्त म्हणून नाही, तर ट्रेलर रिव्हर्स न घेता आत जाऊन बाहेर पडेल असा. सॅटेलाइट फोटोत ते आधी दिसतं. आणि मोकळ्या टप्प्याआधीचा शेवटचा पंप आला की काटा कुठेही असो, टाकी भरायची.

आणखी एक रकाना वाढवला: "ड्रायव्हर काय म्हणतो?" त्यात फॉर्म्युला नाही. त्याला विचारूनच भरायचा.

असो. रविवार संपत आला, उद्या सकाळी रिलीज आहे. आधी ऑपरेशन्सवाल्या काकांना फोन करतो.