कलकत्त्यांतील पहिला दिवस

२००१ सालापासून सरकारदप्तरीं या शहराचें नांव कोलकाता झालें असलें, तरी आपल्या घरांतून तें अद्याप कलकत्ताच आहे. तेव्हां येथेंही तेंच ठेवतों.

हावडा स्टेशन हुगळीच्या पश्चिम तीरावर आणि खरें शहर पूर्व तीरावर. त्यामुळें आगगाडीनें येणाऱ्यास नदी ओलांडल्यावांचून कलकत्त्याचें दर्शन नाहीं. २०२४ च्या मार्चपासून नदीच्या तळाखालून भुयारी रेल्वे जाऊं लागली आहे व मुलांचा सारा ओढा तिकडे. परंतु "गंगा ओलांडायची ती डोळे उघडे ठेवून," असा मातोश्रींचा हुकूम सुटला. आमच्या ज्येष्ठ बंधूंचे जुने स्नेही, एक वृद्ध बंगाली गृहस्थ, आम्हांस घ्यावयास आले होते. त्यांच्या मोटारींतून सामान पुढें लावून आम्ही सात माणसें पायींच पुलावर आलों.

हा पूल फेब्रुवारी १९४३ मध्यें खुला झाला. १,५०० फुटांचा मधला गाळा नदींत एकही खांब न रोवतां दोन्ही तीरांवरून तोलून धरलेला आहे. त्यांतील २६,५०० टन पोलादापैकीं बहुतेक टाटांच्या कारखान्याचें. पुढें १९६५ सालीं त्यास रवीन्द्र सेतु हें नांव मिळालें. ही माहिती आम्ही मुलांस मोठ्या हौसेनें सांगत होतों, पण ऐकतो कोण! डोक्यावर हारे घेऊन धांवणाऱ्या हमालांचा असा लोंढा कीं उभें राहूं म्हटलें तर पाय ठरेना. पुलाखालीं मल्लिक घाटावरचा फुलांचा बाजार. झेंडूच्या माळांचीं माणसाच्या कमरेएवढालीं वेटोळीं जिकडेतिकडे रचलेलीं. मातोश्री तेथून हलावयास तयार नव्हत्या.

दुपारपूर्वीं चौरंगीवरील १८१४ सालीं स्थापन झालेलें इंडियन म्युझियम पाहिलें. भारहुत स्तूपाच्या कोरीव कठड्यांसाठीं तरी तेथें अवश्य जावें. बाकीच्यास एक दिवसही अपुरा. व्हिक्टोरिया मेमोरियल बाहेरूनच पाहिलें. मकराण्याच्या त्या शुभ्र संगमरवरानें दृष्टि दिपते, मन रमत नाहीं. निदान आमचें रमलें नाहीं.

तिसऱ्या प्रहरीं आमचे वृद्ध स्नेही आम्हांस उत्तरेकडे बागबाजारांत घेऊन गेले. तेथें 'मराठा डिच लेन' नांवाची गल्ली आहे. डिच म्हणजे खंदक. १७४२ सालीं नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगाल्यावर चालून आले, तेव्हां भयभीत रहिवाशांनीं शहराभोंवतीं खंदक खणण्यास आरंभ केला. बेत सात मैलांचा होता. सुमारें तीन मैल होऊन काम थांबलें, कारण मराठे कलकत्त्यावर आलेच नाहींत. १७९९ सालीं खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेला. आज गल्लींत पाहण्यासारखें कांहीं नाहीं. जुनीं घरें, सज्जांतून वाळणारीं धोतरें व साड्या आणि तें नांव.

"आपल्याला भिऊन खणला?" धाकट्यानें मोठ्या अभिमानानें विचारलें. तेव्हां वृद्ध गृहस्थांनीं हंसतच सांगितलें कीं, लहानपणीं त्यांची आजी त्यांस 'बर्गी' येतील म्हणून निजवीत असे. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार. बंगालच्या अंगाईगीतांत तो अजून लुटीस येतो! गंगाराम नांवाच्या कवीनें त्याच काळीं रचलेल्या 'महाराष्ट्र पुराणां'त जाळलेलीं गांवें, पोथ्या काखेंत मारून पळणारे ब्राह्मण, स्त्रियांची विटंबना, सर्व कांहीं आहे. वैऱ्याचें लिहिणें म्हणून तें बाजूस सारतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. १७४४ मध्यें अलीवर्दीखानानें भास्करपंतांस भेटीस बोलावून दग्यानें मारिलें, आणि १७५१ मध्यें सालीना १२ लाखांची चौथाई कबूल करून तह केला, एवढें आपल्या पाठ्यपुस्तकांत असतें. दगा आपल्या लक्षांत राहिला, जाळपोळ त्यांच्या.

"आजी, मग आपले लोक वाईट होते का?" धाकट्याचा स्वर एव्हांना उतरला होता.

मातोश्री क्षणभर थांबल्या. "येथें तरी वाईटच वागले, बाळा," त्या म्हणाल्या. हें त्यांनीं आमच्या यजमानांदेखत म्हटलें, यानें आम्ही चपापलों. वृद्ध गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं मुलाचा हात धरला व जोडासांकोचा रस्ता दाखविला.

तेथें ठाकुरांचा वाडा आहे. याच घरांतील सत्येन्द्रनाथ हे १८६३ सालचे पहिले हिंदी सिव्हिलियन. मुंबई इलाख्यांत नोकरी करतां करतां त्यांनीं तुकोबांचे अभंग बंगालींत नेले. त्यांचे धाकटे बंधु रवीन्द्रनाथ यांनीं १९०४ सालीं 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहिली, ती सखाराम गणेश देऊसकरांच्या पुस्तिकेसाठीं. देऊसकर मराठी ब्राह्मण खरे, पण जन्म देवघरचा व लेखणी बंगाली. त्यांच्या 'देशेर कथा' या ग्रंथावर इंग्रज सरकारनें १९१० मध्यें बंदी घातली. १९०६ सालीं याच कलकत्त्यांत शिवाजी-उत्सव भरला व त्यास खुद्द टिळक आले होते. खंदकाचें काम सुरू होऊन तेव्हां १६४ वर्षें झालीं होतीं.

वाडा बंद व्हावयाची घंटा झाली. यजमानांनीं आमच्या टिपणवहींत देऊसकरांच्या पुस्तकाचें नांव बंगाली अक्षरांत लिहून दिलें, आणि दुसऱ्या दिवशीं कॉलेज स्ट्रीटवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून तें शोधावयाचें ठरवून आम्ही मुक्कामीं आलों.