औषधाची सवय

‘रोगाला औषधाची सवय झाली’ हा शब्दप्रयोग आपल्या घरांतून इतका रुळला आहे की, तो उच्चारताना त्याच्या अर्थाकडे कोणाचे लक्ष जात नाही. वैद्यकविषयक मजकूर मराठीत आणताना तो माझ्यापुढे वारंवार येऊन उभा राहतो. मूळ इंग्रजीतही बहुधा असेच असते : कर्करोग औषधाला प्रतिरोधक ‘झाला’. या ‘झाला’शी माझे जुने भांडण आहे. पुष्कळ वेळा तो आधीच, अंशतः का होईना, तसा असतो.

भाषेत गाठ एकवचनी आहे. शरीरात ती तशी नसते. एक सेंटीमीटर व्यासाच्या गाठीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असू शकतात. त्या एकाच पेशीपासून निपजलेल्या असल्या, तरी प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल उतरताना काही चुका राहतात आणि पुढच्या पिढ्या त्या वारशाने घेतात. तंजावर, बडोदे, इंदूर येथे पांगलेल्या एकाच कुळाच्या शाखांची बोली आणि रीतभात चार पिढ्यांत निराळी व्हावी, तसाच हा प्रकार. अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर नॉवेल यांनी ही उपपत्ती 1976 साली मांडली. पुढे 2012 साली लंडनच्या संशोधकांनी मूत्रपिंडाच्या कर्करोगात एकाच रुग्णाच्या गाठींतून निरनिराळ्या जागचे तुकडे तपासले, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जनुकीय बदल सर्व तुकड्यांत सारखे आढळले नाहीत. म्हणजे एका सुईने काढलेला तुकडा साऱ्या गाठीची साक्ष देईलच असे नाही.

आता या मिश्र वस्तीवर औषध येते. बहुसंख्य पेशी मरतात, चित्रात गाठ लहान दिसते, घरात पेढे वाटले जातात. परंतु ज्या थोड्या पेशींत औषध बाहेर फेकण्याची शक्ती असते, किंवा औषध जेथे चिकटावयाचे ती जागाच बदललेली असते, त्या वाचतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. काही महिन्यांनी उभी राहिलेली गाठ ही त्यांची संतती. सगळाच प्रतिरोध असा जन्मजात नसतो. काही बदल उपचार चालू असतानाही घडतात, आणि काही पेशी नुसत्या निपचित पडून वेळ काढतात.

हे सारे मला माझ्या आत्याबाईंना सांगावे लागले. त्यांच्या छातीतील गाठ आठ महिने विरत गेली आणि नवव्या महिन्यात पुन्हा हाताला लागली. भेटीस येणारा प्रत्येकजण ‘काहीतरी पथ्य चुकले असेल’ असे म्हणून जाई. गोळ्या वेळेवर घेणे आवश्यकच असते, आणि त्या त्यांनी एकही न चुकवता घेतल्या होत्या. तरी एकादशीच्या उपासांपासून सुनेच्या हातच्या लोणच्यापर्यंत सर्वांवर संशय घेऊन झाला होता. सून तर स्वयंपाकघरातून बाहेर येईनाशी झाली होती. माझे बोलणे ऐकून आत्याबाई म्हणाल्या, “म्हणजे ते आधीपासूनच होते म्हणायचे?” मी होय म्हणालो. त्यांनी सुनेला हाक मारली आणि मला म्हणाल्या, “हिलाही सांग. अगदी पहिल्यापासून सांग.”

डॉक्टरांना या गोष्टीचा प्रत्यय फार पूर्वी आला होता. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी 1948 साली रक्ताच्या कर्करोगाच्या 16 मुलांवरील उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी 10 मुले सुधारली; मात्र ती सुधारणा टिकली नाही. क्षयरोगातही एकट्या स्ट्रेप्टोमायसिनची त्याच सुमारास हीच गत झाली होती, म्हणून तेथे औषधे जोडीने देण्यास आरंभ झाला. 1960 नंतर तोच विचार मुलांच्या या रोगाला लावण्यात आला. चार औषधे, चार निराळ्या वाटा. एकीतून निसटलेली पेशी दुसरीत सापडावी, हा हेतू. आज उत्तम सोयी असलेल्या देशांत या रोगाची सुमारे नव्वद टक्के मुले बरी होतात.

प्रौढांच्या घट्ट गाठींत मात्र एवढे यश नाही. त्यांतील वस्ती अधिक पांगलेली, अधिक मिश्र. म्हणून रोग उलटल्यावर जुन्या तुकड्यावर विसंबून न राहता नवा तुकडा, किंवा रक्तात उतरलेले गाठीचे जनुकीय अंश, पुन्हा तपासण्याकडे अनेक डॉक्टरांचा कल असतो. आत्याबाईंचीही अशी तपासणी झाली आणि तीवरून त्यांचे औषध बदलण्यात आले.