हॉर्न उपाशी होता!

मुलांनो, घरातली एखादी वस्तू नीट चालेनाशी झाली, की आपण पहिल्यांदा काय म्हणतो? "बिघडली! आता नवी आणा." टॉर्च मंद झाला, की सेल टाकून द्यायचे. पंखा हळू फिरला, की पंख्याला नावं ठेवायची. पण जी वस्तू कुरकुरते, दोष तिच्यातच असतो असं थोडंच आहे? ही गोष्ट मला एका पिकअपच्या हॉर्नने फार चांगली शिकवली. तीच आज तुम्हांला सांगते.

माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, पिकअप आहे. पाटणहून भाजी भरायची आणि कुंभार्ली घाट उतरून पहाटे चिपळूणच्या बाजारात पोचवायची, हा त्याचा धंदा. पावसाळ्यात हा घाट तुम्ही पाहिला असेल, तर तिथलं धुकं तुम्हांला माहीत असेल. दहा हातांवरचं दिसत नाही! अशा वेळी वळणावर दिव्यांपेक्षा हॉर्नचाच आधार. आणि नेमका त्याच दिवसांत दादाच्या गाडीचा हॉर्न बसला. 'पों' ऐवजी नुसतं 'प्यँ'. सर्दी झालेल्या बोकडासारखं! आम्ही सगळे हसलो.

पण एका पहाटे वळणावर अचानक समोर ट्रक आला. दोघांनी करकचून ब्रेक दाबले. गाड्या हातभर अंतरावर थांबल्या. ट्रकवाला ओरडला, "अरे, हॉर्न द्यायला काय होतं?" दादाने तर दोनदा दिला होता! घरी येऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा कुणीच हसलं नाही. "हॉर्न नीट झाल्याशिवाय गाडी घाटात न्यायची नाही," असं वहिनींनी बजावलं. गाडी उभी म्हणजे कमाई बंद.

दादाने हॉर्नच्या वायरला टेस्ट लॅम्प लावून पाहिला. दिवा लख्ख पेटला. "वीज तर येतेय, म्हणजे हॉर्नच गेला," असं म्हणून त्याने हॉर्नची नवी जोडी आणून बसवली. मोठ्या आशेने बटण दाबलं. पुन्हा 'प्यँ'!

मग गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक काका आले. सातवीत शिकणारी माझी भाची आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिलो. काकांनी हॉर्न ऐकला आणि म्हणाले, "बाई, हा मेलेला नाही. उपाशी आहे!"

म्हणजे काय, हे कळायला हॉर्नच्या पोटात डोकवायला हवं. तुम्ही विज्ञानात विजेची घंटा शिकला असाल. हॉर्न हा तिचाच भाऊ. आत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज गेली, की ते चुंबक बनतं आणि पोलादाचा एक पातळ पडदा ओढून घेतं. पडदा आत आला, की विजेची वाट तुटते. वाट तुटली, की चुंबकपणा जातो आणि पडदा मागे उसळतो. वाट पुन्हा जुळते, पडदा पुन्हा ओढला जातो. हे एका सेकंदात सुमारे ४०० वेळा घडतं! त्या थरथरीचा आवाज म्हणजे हॉर्न. वीज कमी मिळाली, तर पडदा जोरात हलणार कसा?

काकांनी लगेच पाना उचलला नाही. एकेक शंका काढत गेले. गाडीला दोन हॉर्न होते, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक. त्यातला एक बंद असला, तरी आवाज पातळ लागतो. पण दोन्ही वाजत होते. तोंडात चिखल बसला आहे का? नव्हता. हॉर्न आपल्या पट्टीवर मोकळा आहे ना, की पत्र्याला टेकलाय? मोकळा होता. मागे एक छोटा स्क्रू असतो, त्याने आवाज जुळवता येतो. भाचीने विचारलं, "काका, तो फिरवा ना!" काका म्हणाले, "तो सगळ्यात शेवटी. दुखणं कळायच्या आधी औषध द्यायचं नाही."

मग त्यांनी हॉर्नच्या वायरी काढल्या आणि फ्यूज लावलेल्या दोन जाड वायरींनी त्याला थेट बॅटरीवर जोडलं. पोंऽऽ! आम्ही कानांवर हात ठेवले. हॉर्न ठणठणीत होता. जुना लावला, तोही तसाच ओरडला! म्हणजे बॅटरीपासून हॉर्नपर्यंतच्या वाटेत कुणीतरी वीज खात होतं.

चोर पकडायला काकांनी मल्टिमीटर काढला. वायरी होत्या तशा जोडल्या आणि दादाला बटण दाबून धरायला सांगितलं. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, हॉर्नवर मात्र ९.२. वाटेत ३.२ व्होल्ट गायब! ९.२ चा वर्ग काढा, त्याला १२.४ च्या वर्गाने भागा. उत्तर निम्म्याच्या जवळपास येतं. म्हणजे हॉर्नला साधारण निम्मीच ताकद मिळत होती.

आता तुम्ही विचाराल, मग दादाचा दिवा लख्ख कसा पेटला? भाचीनेही हेच विचारलं. नळीला पीळ पडला असेल, तरी तिच्यातून ग्लासभर पाणी मिळतं. पण बादली पटकन भरायला गेलात, तर धार कमी पडते. टेस्ट लॅम्पला वीज लागते चिमूटभर. दोन हॉर्नना मिळून लागते सुमारे ७ अँपिअर. म्हणून मोजायचं ते हॉर्न वाजत असताना. गप्प असताना सगळं ठीकच दिसतं!

वीज बॅटरीतून निघते, हॉर्नमधून जाते आणि गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीच्या ऋण टोकाला परत येते. या परतीच्या वाटेला गॅरेजमध्ये 'अर्थिंग' म्हणतात. काकांनी मीटरची एक तार हॉर्नच्या अर्थिंगला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. बटण दाबलं. इथे जवळजवळ शून्य यायला हवं होतं. आले २.८ व्होल्ट! चोर सापडला. येणारी वाट चांगली होती, परतीची खराब होती. २.८ भागिले ७ म्हणजे ०.४ ओहम. एवढासा अडथळा, पण सगळा आवाज त्याने गिळला होता. हा हिशेब ज्या नियमाने होतो, तो जर्मनीतल्या जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केला. ते कुलपं बनवणाऱ्याचे चिरंजीव, आणि माझ्यासारखेच शाळेत शिकवायचे!

काकांनी अर्थिंगचा बोल्ट काढला. खाली गंजाचा लालभडक थर. घाटातल्या पावसाची करामत! पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत केलं, वायरचं टोक नवं बसवलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं, ०.१ व्होल्ट. दादाने बटण दाबलं आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. वहिनी आतून म्हणाल्या, "पुरे आता, ऐकलं मी!" दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी घाटाला लागली.

त्या दिवसापासून वर्गात एखादं मूल पुटपुटत वाचू लागलं, की "मोठ्यांदा वाच" म्हणण्याआधी मी थोडं थांबते. सकाळी काही खाल्लंय का? फळ्यावरचं दिसतंय का? घरी काही झालंय का? आईबाबांनो, तुम्हीही एवढं बघा. आवाज बारीक आहे म्हणून गळ्यालाच दोष देऊ नका.

आणि हॉर्न मोठा झाला म्हणून तो कुठेही वाजवायचा नसतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळा, रुग्णालयं आणि न्यायालयं यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. आमच्या शाळेसमोरून जाताना दादा बटणाला हातही लावत नाही.

गाडीच्या बॅटरीशी मात्र तुम्ही एकट्याने खेळू नका. तिच्यात आम्ल असतं, आणि पाना चुकून दोन टोकांना टेकला तर मोठी ठिणगी उडते. तुमच्यासाठी सोपा प्रयोग आहे. सेलवर चालणारा जुना, मंद झालेला टॉर्च घ्या. सेल काढा, आतली स्प्रिंग आणि पत्र्याची टोकं पॉलिश पेपरने हलकेच घासा, तेच सेल पुन्हा घाला आणि पेटवून पाहा. उजेड वाढला, तर तुम्हीही एक चोर पकडलात म्हणून समजा!