पारोळ्याची वाट

अमळनेरहून पारोळ्यास जाणारा रस्ता सुमारे २० किलोमीटरांचा. दोहों बाजूंस काळी जमीन व कपाशीची शेते. परवा सकाळी आम्ही एस. टी.ने त्या वाटेने निघालो, तेव्हा समोरून येणाऱ्या गाड्या दप्तरे सांभाळीत उभ्या असलेल्या मुलामुलींनी भरलेल्या होत्या. बैलगाडीच्या दिवसांत हाच मार्ग अर्ध्या दिवसाचा होता, हे मनात आले आणि प्रवासभर तोच विचार चालू राहिला.

पारोळ्यास उतरून प्रथम भुईकोट किल्ला पाहिला. हरि सदाशिव दामोदर या जहागिरदारांनी तो १७२७ साली बांधिला, असे सांगतात. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या माहेरच्या तांबे घराण्याशी असलेले नातेही गावकरी मोठ्या अभिमानाने सांगतात. तटाखाली उभे असता आम्हांस वाटले, लहानगी मनू ब्रह्मावर्तास पेशव्यांच्या आश्रयाखाली वाढली, म्हणूनच तिला लिहिणे-वाचणे व घोड्यावर बसणे शिकावयास मिळाले. विद्या तिच्या अंगणातच होती. ज्यांच्या अंगणात ती नव्हती, अशा मुलींचे काय झाले असेल?

खानदेशात विद्येची वाट बहुतांशी आगगाडीच्या मागोमाग आली. सुरतेची रेल्वे अमळनेरवरून गेली व पारोळे बाजूस राहिले. अमळनेरास कापसाची पेठ वाढली, प्रतापशेठांची गिरणी निघाली, आणि त्यांच्याच औदार्याने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. प्रताप हायस्कूल त्यांचेच नाव धारण करते. पुढे १९४५ साली कॉलेजही झाले.

असे हायस्कूल निघाले की ते एका गावाचे राहत नाही. आसपासच्या घराघरांतून खल सुरू होतो. थोरल्यास पाठवावे की धाकट्यास? राहावयाचे कोणाकडे? जेवणास वार लावावेत, की मुलाने हाताने शिजवून खावे? मुलीचा प्रश्न तर बहुधा निघतच नसे. शाळेचे दार सर्वांस उघडे असले, तरी तेथवर पोहोचणे सर्वांस साधत नाही.

ही अडचण जाणणारा एक शिक्षक १९२४ साली प्रताप हायस्कुलास लाभला. साने गुरुजी स्वतः परगावी हालअपेष्टा सोसून शिकलेले. छात्रालयाचा भार त्यांजकडे आला, तेव्हा त्यांनी मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांची भांडी घासली, आणि त्यांजसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढिले. १९३० साली ते सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. आईवेगळ्या राहणाऱ्या मुलास पुस्तकाइतकीच मायेची गरज असते, हे त्यांनी सहा वर्षांत दाखवून दिले.

आज पारोळ्यास स्वतःची हायस्कुले आहेत, महाविद्यालयही आहे. परंतु पूर्वी पारोळ्यास जी अडचण होती, ती आता लहान खेड्यांच्या वाट्यास आली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण ६ ते १४ वर्षांच्या मुलांपुरते आहे. जेथे गावची शाळा आठवीपाशी वा त्याआधीच संपते, तेथे नववीस दुसऱ्या गावी जावे लागते. अहिल्याबाई होळकर योजनेखाली मुलींस एस. टी.चा मोफत पास मिळतो, ही सोय खरोखर मोलाची; पण सायंकाळची गाडी चुकली की घरची माणसे धास्तावतात, आणि दोन-चार वेळा तसे झाले म्हणजे मुलीची शाळाच सुटते.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी मागील पिढीत असाच एखादा विद्यार्थी वाराने जेवून गेला असेल. कित्येकांचे आजोबा स्वतःच तसे शिकले असतील. तालुक्याच्या गावी ज्यांचे घर आहे, त्यांनी ते ऋण आठवावे. खेड्यातील एखादी मुलगी, मग ती कोणत्याही जातीची असो, दोन वर्षे आपल्या घरी राहिली, तर पंगतीत एक पान अधिक वाढावे लागेल, इतकेच. तिची दहावी मात्र पुरी होईल.